सर्वांना सर्व अधिकार

पोरिंजूला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी वेड लागलं, आणि तेही सरकारी हुकमाने. शाळांतल्या संगणकांवर यापुढे लिनक्सच चालेल असं वरून ठरलं आणि प्रत्येक शाळेने एक मास्तर प्रशिक्षणाला पाठवावा असं पत्र आलं. मुलींच्या हायस्कुलात गणिताचे तिघे होते. एकाला मूळव्याध होती, दुसरा युनियनचा पुढारी होता, उरला पोरिंजू. चार दिवस त्रिशूरला जाऊन आला तो काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बडवायची खोड घेऊनच. जेवायला बसला तरी बोटं ताटाच्या कडेवर टकटक वाजायची.

"बाकीच्यांच्या नवऱ्यांना या वयात दारू लागते, नाहीतर बाई लागते," त्याची बायको रोसिली चर्चच्या पायरीवर उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची. "आमच्याकडे काळा पडदा लागलाय. दारू असती तर पाद्र्याकडे तरी नेलं असतं. याचं काय सांगू त्याला?"

त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. माश (गावात मास्तरांना माशच म्हणतात) निवृत्त झाला, डोक्यावरचे केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, पण वेड काही गेलं नाही. उलट ते वाढून गावच्या जनमित्र वाचनशाळेत जाऊन बसलं. तिथल्या संगणकाचं सगळं माशच पाहतो. कुणी नेमलेलं नाही, कुणी काढतही नाही.

माशमध्ये एकच मोठी खोट होती. एखादी गोष्ट आपल्याला समजली की ती साऱ्या जगाला समजली असं त्याला वाटायचं. दोन वर्षांपूर्वी कमिटीपुढे उभं राहून त्याने सांगितलं, की पुस्तकांच्या यादीचं नवं सॉफ्टवेअर आता डब्यात येतं. डबा म्हणजे कंटेनर. सगळा सरंजाम आत भरलेला, झाकण उघडा आणि चालू करा. मग ते साठ खणांचं लाकडी कपाट आणि त्यातली चौदा हजार कार्डं कशाला अडवून ठेवायची? कमिटीने टाळ्या वाजवल्या. ते कपाट एका होमस्टेवाल्याने नेलं. तो त्यात हल्ली पाहुण्यांची मोजे-बनियनं ठेवतो. कार्डं वैद्याच्या घरी बंबात गेली. म्हणजे आता यादी होती ती फक्त डब्यात, आणि डबा होता तो फक्त माशच्या भरवशावर.

वाचनशाळेचा सेक्रेटरी कॉम्रेड सुगतन. एकोणीस वर्षं तोच. त्याला त्याची बायकोसुद्धा कॉम्रेडच म्हणते. कॉम्रेडचा ठरावावर विश्वास होता. पंखा बिघडला की ठराव, पंखा दुरुस्त झाला की आभाराचा ठराव. एकदा उंदरांनी विश्वकोशाचा तिसरा खंड खाल्ला तेव्हा उंदरांच्या निषेधाचा ठराव एकमताने मंजूर झाला होता, आणि तो इतिवृत्ताच्या वहीत आजही सुवाच्य अक्षरात आहे. शर्टाच्या वरच्या खिशात त्याच्या तीन वस्तू कायम असायच्या: लाल पेन, चष्मा आणि नव्या हॉलच्या संडासाची किल्ली.

त्या किल्लीचं एवढंच, की जुन्या इमारतीला संडास नव्हता. रस्त्यापलीकडे पंचायतीने नवा हॉल बांधून दिला त्याला होता, निळ्या फरशीचा. पण तपासणी होईपर्यंत त्याला डाग पडायला नकोत म्हणून कॉम्रेडने तो कुलूप लावून ठेवला होता.

आणि मग तंकमणी. वाचनशाळेत पगारी माणूस एकच, ती ही. सत्तावीस वर्षं झाली. सकाळी जुन्या इमारतीत बसायचं आणि दुपारी स्कूटरला दोन पिशव्या लावून चौसष्ट घरांना पुस्तकं पोचवायची. अंथरुणाला खिळलेले म्हातारे, लेकराबाळांतून बाहेर न पडता येणाऱ्या बायका. कुणाला काय हवं ते तिच्या डोक्यात असायचं. एलिक्कुट्टी अम्माम्मा, म्हणजे आजी, नव्वदीला टेकली होती. ती बायबलच्या कव्हरात घालून खुनाच्या कादंबऱ्या वाचायची आणि सून आली की डोळे मिटून ओठ हलवायची. ते कव्हर शिवून दिलं होतं तंकमणीने. प्रत्येक पुस्तकामागे ती एका चिठ्ठीवर सही घ्यायची. चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत तारखेवार लावलेल्या असायच्या.

त्या सोमवारी तालुक्याहून पत्र आलं. गुरुवारी तीन वाजता तपासणी. तिघांचं पथक येणार, नव्या हॉलमध्ये बसणार, संगणकावर यादी पाहणार आणि घरपोच पुस्तकांच्या सह्याही संगणकावरच पाहणार. कागद चालणार नाही. श्रेणी टिकली तर ठीक. घसरली तर घरपोच सेवेची जागा शेजारच्या पुत्तनवेलीच्या वाचनशाळेकडे जाणार, आणि तिथल्या सेक्रेटरीची एक भाची त्यासाठी तयारच होती.

"म्हणजे मी बावन्नाव्या वर्षी घरी," तंकमणी म्हणाली. तिने पत्राची घडी घातली आणि खोक्याखाली सरकवली. "माशे, तुमचा डबा चालतोय ना?"

"घड्याळासारखा," माश म्हणाला.

बुधवारी सकाळी तिने बाराशे चिठ्ठ्यांचे फोनवर काढलेले फोटो चढवायला घेतले. पहिल्याच फोटोला पडद्यावर आलं: परवानगी नाही. दुसरा. परवानगी नाही. तिने फोन पुसला, हात पुसले, पुन्हा दाबलं. परवानगी नाही.

माश आला तो सोनेरी काठाच्या मुंडूत, म्हणजे समारंभाच्या लुंगीत. चालकुडीला रोसिलीच्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता आणि रोसिली बाहेर रिक्षात बसून हॉर्न वाजवायला लावत होती. माशने उभ्या उभ्याच पडद्याकडे पाहिलं आणि हसला. हेच त्याचं चुकलं. दुखणं ओळखता आलं की त्याला ते बरं झाल्यासारखंच वाटायचं.

"काही नाही हे. हजेरीचा घोळ आहे."

"कसली हजेरी?" कॉम्रेड सुगतनने विचारलं. तोही येऊन बसला होता.

"हे बघा कॉम्रेड. यंत्राला नावं कळत नाहीत, हजेरीतले नंबर कळतात. यंत्रावर पहिलं खातं माझं, माझा नंबर हजार. डब्याच्या आत जो काम करतो त्याचा नंबर एक हजार एक. फोटोचा फोल्डर मी माझ्या हाताने बनवला, म्हणून तो हजार नंबरचा. आता हजार एकवाला माझ्या बाकावर दप्तर ठेवायला आला तर शिपाई त्याला ठेवू देईल का? बाक त्याच्या नावावर केला की झालं."

"म्हणजे परवानगी शिपाई नाकारतोय?"

"शिपाई म्हणजे... लिनक्सचा गाभा, तो..."

बाहेर हॉर्न वाजला आणि पाठोपाठ रोसिलीचा आवाज आला, "अहो! येताय, की मुलीच्या पोराचं बारसंच करून येऊ?"

"उद्या सकाळी दहा मिनिटांचं काम आहे," माश चपला घालत म्हणाला. "तोवर कुणी हात लावू नका."

कॉम्रेडच्या डोक्यात त्यातलं एवढंच राहिलं, की जनतेच्या वाचनशाळेत कुणीतरी तंकमणीला परवानगी नाकारत आहे. पाच वाजता त्याने तातडीची सभा बोलावली. बिनदुधाचा कट्टन चहा आला, डाळीचे परिप्पुवडे आले. कॉम्रेड पंचवीस मिनिटं बोलला. 'या इमारतीचे दगड कुणी वाहिले' इथून सुरू केलं आणि 'एक हजार नंबर असा कोण लागून गेला' इथे येऊन थांबला. सभेआधीच त्याने शारजाच्या पुतण्याला फोन लावला होता. पुतण्या तिथे एका दुकानात संगणक दुरुस्त करतो. तो घाईत होता. "काका, सात-सात-सात मारा," एवढं बोलून त्याने फोन ठेवला आणि नंतर यंत्रात टाइप करायची एक ओळ लिहून पाठवली.

सात-सात-सातचा अर्थ कॉम्रेडने मागाहून त्याच्याकडून लिहूनच घेतला होता. पहिला सात मालकासाठी, दुसरा त्याच्या गटासाठी, तिसरा उरलेल्या साऱ्या जगासाठी. सात म्हणजे वाचा, लिहा, चालवा, काहीही करा.

"कॉम्रेड्स," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच कापला, "मालकाला सात, आणि रस्त्यावरच्या माणसालाही सात. हे यंत्रात आधीपासून आहे, आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही!"

ठराव क्रमांक चार एकमताने मंजूर झाला. वाचनशाळेच्या संगणकातील सर्व फायलींवर सर्वांना सर्व अधिकार. माशचा पासवर्ड टेबलाच्या काचेखाली होताच. अंमलबजावणी सेक्रेटरीने तिथेच, वड्याचं तेल लागलेल्या बोटांनी केली. तंकमणीने धीर करून एक फोटो चढवला. चढला. दुसरा चढला. सभेने टाळ्या वाजवल्या. एका दमात तिने बाराशे चिठ्ठ्या चढवल्या, रोजच्यासारखा संगणक बंद केला आणि घरी जाऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

गुरुवारी साडेआठला माशच्या पुढ्यात न्याहारीला तांदळाचा वाफवलेला पुट्टु आणि हरभऱ्याची उसळ होती, तेव्हा फोन वाजला.

"माशे, पुस्तकं शून्य."

"काय शून्य?"

"एकूण पुस्तकं शून्य. एकूण वाचक शून्य. वर 'स्वागत आहे' असं लिहिलंय."

माशच्या घशात पुट्टु अडकला. रोसिलीने पाठीत गुद्दा घातला आणि विचारलं, "कोण गेलं?" माश उठला. अर्धा पुट्टु ताटात टाकून तो उठल्याचं लग्नानंतर रोसिलीने प्रथमच पाहिलं.

वाचनशाळेत कॉम्रेड दारातच उभा होता, छातीवर वही धरून. "माशे, ठराव रीतसर आहे," हे त्याचं पहिलं वाक्य. माशने त्याच्या हातातली वही घेतली, ठराव क्रमांक चार वाचला आणि खुर्चीत बसला. 

"सगळ्या फोल्डरवर?"

"सर्व म्हणजे सर्व. कुणाला वगळलेलं नाही."

"कॉम्रेड, तुम्ही तिकडे बसा. तंकमणी, तू इथे बस. आणि तासभर माझ्याशी कुणी बोलू नका."

डबा चालू झाल्यापासून स्वतःशी जे पुटपुटतो ते सगळं यंत्र एका जागी लिहून ठेवतं. माशने ते काढलं. तीनशे ओळी. तो पेपर तपासायला बसल्यासारखा एकेक ओळीवर बोट ठेवत उतरत गेला. एकशे चाळिसाव्या ओळीवर बोट थांबलं. मग त्याने ती मोठ्याने, मल्याळममध्ये अर्थ लावत वाचली: "सेटिंगची फाइल कुणालाही बदलता येण्याजोगी आहे, म्हणून ती विचारात घेतलेली नाही."

"म्हणजे?" कॉम्रेडने तिकडूनच विचारलं.

"म्हणजे यादी कुठे ठेवलीय ते त्या फायलीत लिहिलेलं असतं. तुम्ही ती जगाला उघडी केली. डबा म्हणाला, असल्या फायलीवर मी विश्वास ठेवत नाही, कुणीही येऊन काहीही खरडलेलं असेल. मग तो आपल्या मनाने दुसरीकडे गेला, रिकाम्या खोलीत, आणि तिथे पुस्तकं मोजून आला. शून्य."

"सर्वांना विश्वासात घेतलं, म्हणून त्याने विश्वास काढून घेतला?"

"हो."

"प्रतिगामी आहे," कॉम्रेड म्हणाला आणि बसला.

पण त्याचा चेहरा पडला होता. तंकमणीकडे त्याला बघवत नव्हतं.  ती माशच्या बोटांकडे पाहत होती आणि तिच्या मांडीवर एक बुटाचं खोकं होतं. माशला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बोटांची भीती वाटली. ते साठ खणांचं कपाट आपण घालवलं. ते आज इथे असतं तर ही बाई खोकं मांडीवर घेऊन अशी बसली नसती.

त्याने सेटिंगच्या फायलीवरून जगाचा हक्क काढला. वाचा, पण लिहू नका. डबा बंद केला, पुन्हा चालू केला. एकूण पुस्तकं: चौदा हजार दोनशे बारा. तंकमणीने खोकं खाली ठेवलं. मग त्याने कालच करायला हवं होतं ते दहा मिनिटांचं काम केलं. सगळा पसारा पुन्हा बंदोबस्तात आणला आणि सगळ्याची मालकी हजार एक नंबरला देऊन टाकली, म्हणजे आतला माणूस आपल्याच बाकावर बसेल. फोटो उघडून पाहिले. बाराशे सह्या जागच्या जागी.

साडेअकरा वाजले होते. माशने घाम पुसला आणि पळंपोरी, म्हणजे केळ्याची भजी, मागवली. दोन खाल्ल्या. मग सहज म्हणून तंकमणीला म्हणाला, "हॉलमध्ये जाऊन तिथल्या संगणकावर एकदा बघून ये."

ती गेली आणि लगेच परत आली. "तिथे काहीच दिसत नाही. नुसतं गरगरतंय."

मंगळवारीच पंचायतीच्या माणसांनी हॉलमध्ये वायरी ओढून दिल्या होत्या आणि हे सगळं पहिल्यांदाच तपासलं जात होतं. पुढच्या दोन तासांत गावातल्या प्रत्येक शहाण्याने कारण सांगितलं. खारीने वायर खाल्ली. वायरीवर झावळी पडलीय. पुत्तनवेलीवाल्यांनी काहीतरी केलंय. वैद्य येऊन म्हणाला की हॉलचं तोंडच दक्षिणेला आहे. माशने वायर हाताने चाचपत रस्ता ओलांडला, परत आला, पुन्हा गेला. वायर धड होती. जुन्या इमारतीतून यादी दिसत होती, हॉलमधून नाही. गुडघे आता उघड उघड शिव्या देत होते.

अडीच वाजता हॉलपुढे जीप थांबली. या तालुक्यात सरकारी पथक अर्धा तास आधी आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण पथकाच्या प्रमुख होत्या प्रभावती टीचर, चौतीस वर्षं हेडमिस्ट्रेस राहिलेल्या, आणि त्यांचं घड्याळ नेहमी पुढे असायचं.

"कॉम्रेड," माश त्याच्या कानाशी म्हणाला, "तुम्हाला बोलता येतं ना? बोला."

"किती वेळ?"

"मी थांबा म्हणेपर्यंत."

त्या दिवशी कॉम्रेड सुगतन वाचनशाळेच्या इतिहासावर जे बोलला त्याला तोड नव्हती. दगड वाहणाऱ्यांची नावं झाली. त्यांच्या वडिलांची नावं झाली. प्रभावती टीचरने दोनदा घड्याळ पाहिलं, तेव्हा त्याने फणसाचं पायसम, म्हणजे खीर, पुढे केलं आणि पायसम खाऊन होईपर्यंत फणसाच्या झाडाचा इतिहास सांगितला.

इकडे जुन्या इमारतीत माशने यंत्राच्या दारावर पाळत लावली. कोण येतं, कोण जातं, ते ओळी-ओळीने पडद्यावर उमटायला लागलं. तंकमणी हॉलमध्ये बटण दाबत होती आणि तिची हाक यंत्रापर्यंत व्यवस्थित येत होती. म्हणजे खार नाही, झावळी नाही. हाक येते. मग उत्तर कुठे जातं? माशने उत्तरामागे नजर लावली. उत्तर बाहेरच्या दाराने जातच नव्हतं. ते आत वळत होतं, डब्याकडे.

त्याने हॉलचा पत्ता पुन्हा वाचला. एकशे बहात्तर, सतरा. मग डब्याच्या आतल्या गल्लीचा पत्ता वाचला. एकशे बहात्तर, सतरा.

"अरे देवमाते," माश म्हणाला. त्याचा काळा पडदा आणि त्याचा धर्म एका वाक्यात सहसा येत नसत.

डबा बसवला की तो आपल्यापुरती आत एक गल्ली आखून घेतो आणि तिला पत्ते देतो. पंचायतीच्या माणसांनी हॉलला नेमके तेच पत्ते दिले होते. त्यामुळे हॉलमधून पत्र यायचं, यंत्र इमानदारीत उत्तर लिहायचं, पत्ता बघायचं आणि म्हणायचं, ही तर आपल्याच घरातली गल्ली, आणि उत्तर परसात नेऊन टाकायचं. दोन वर्षांपूर्वी बसवताना आतल्या गल्लीचा नंबर बदलून ठेवणं एका ओळीचं काम होतं. माशने ते केलं नव्हतं, कारण तेव्हा त्याला टाळ्या ऐकायच्या होत्या.

त्याने ती ओळ आता लिहिली. आतली गल्ली दुसऱ्याच पत्त्यावर हलवली, सगळं बंद केलं आणि पुन्हा चालू केलं. यंत्र जागं व्हायला चार मिनिटं लागतात. माशने ती चार मिनिटं खिडकीशी उभं राहून काढली. हॉलमधून कॉम्रेडचा आवाज येत होता. आता फणसाच्या झाडावरच्या मुंग्यांचा विषय चालू होता.

तो हॉलमध्ये पोचला तेव्हा प्रभावती टीचर तंकमणीसमोर बसल्या होत्या. "'समुद्राचे दिवे', तिसरी आवृत्ती. कुठे आहे?" असं त्यांनी विचारलं होतं आणि पडदा अजून गरगरत होता.

"तीन नंबरचं कपाट, खालून दुसरा कप्पा," तंकमणी म्हणाली. "पण आत्ता नाही तिथे. अकरा तारखेपासून एलिक्कुट्टी अम्माम्माकडे आहे. ती पान दुमडते, म्हणून मी तिला दोरा दिलाय."

"पाठांतराला गुण नाहीत बाई," प्रभावती टीचर म्हणाल्या.

तंकमणीचा चेहरा उतरला. तेवढ्यात गरगर थांबली आणि यादी उघडली. तीन नंबरचं कपाट, दुसरा कप्पा, अकरा तारीख, एलिक्कुट्टी. प्रभावती टीचरने पडद्याकडे पाहिलं, तंकमणीकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. कॉम्रेड मुंग्यांच्या अर्ध्यावर थांबला आणि खाली बसून पाणी प्यायला.

इथे माशने गप्प बसायला हवं होतं. पण टीचरनी विचारलं, "या सह्यांचे फोटो खरे कशावरून? मागच्या महिन्यात एका गावाने एकाच म्हातारीच्या चारशे सह्या दाखवल्या. फायली कुणी केल्या ते दाखवता येतं?" आणि माशला काळा पडदा उघडायची संधी मिळाली. त्याने प्रोजेक्टरवर सगळा फोल्डर ओळी-ओळीने मांडला. भिंतभर पांढरी अक्षरं उतरली. प्रत्येक ओळीत मालकाचा रकाना होता, आणि प्रत्येक रकान्यात एकच नाव.

तंकमणी. तंकमणी. तंकमणी. सह्या तंकमणीच्या, यादी तंकमणीची, सेटिंग तंकमणीची, सगळी वाचनशाळा तंकमणीची.

"हा काय प्रकार आहे?" टीचरनी विचारलं. "सार्वजनिक संस्था एका बाईच्या नावावर?"

माशच्या लक्षात आलं. यंत्रावर पहिलं खातं त्याने स्वतःचं काढलं होतं आणि दुसरं, सकाळी यंत्र चालू करता यावं म्हणून, तंकमणीचं. हजेरीत दुसरी, म्हणून तिचा नंबर हजार एक. आणि डब्यातल्या माणसाचाही नंबर हजार एक. डब्याच्या आत तो कुणीही असो, बाहेरून पाहिलं की शिपाई हजार एकसमोरचं नाव वाचून दाखवतो. माशने हे हजेरीपटासकट समजावून सांगितलं. टीचरनी सगळं ऐकून घेतलं आणि शेरा मारला तो मारलाच.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. श्रेणी कायम. तंकमणीची जागा कायम. ती त्या दिवशी चौसष्ट घरांना पुस्तकांबरोबर केळ्याचे चिप्स वाटत फिरली. पत्राच्या तळाशी मात्र एक ओळ होती: वाचनशाळेचे सर्व अभिलेख एका व्यक्तीच्या मालकीचे दिसतात, सेक्रेटरीने खुलासा करून दुरुस्ती कळवावी.

सभा बोलावली. चहा आला, वडे आले.

"माशे, नाव बदलता येतं?" कॉम्रेडने विचारलं.

"एका ओळीचं काम आहे. कुणाचं घालू?"

अध्यक्ष म्हणाले, रीत म्हणून अध्यक्षांचं. खजिनदार म्हणाला, अध्यक्ष दर वर्षी बदलतात, त्यापेक्षा खजिनदाराचं. मग वाद वाढला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "जनता असं घाला." सगळ्यांना ते पटलं.

"घालतो," माश म्हणाला. "'जनता' नावाचं खातं काढतो. पासवर्ड कुणाकडे ठेवायचा?"

 खजिनदाराने वडा उचलला आणि परत ठेवला. कॉम्रेडने वहीचं कोरं पान उघडलं, लाल पेन काढलं आणि आपल्या सुवाच्य अक्षरात लिहायला लागला. लिहून झाल्यावर त्याने उभं राहून वाचलं: "गेली सत्तावीस वर्षे या वाचनशाळेतील पुस्तके उचलून लोकांच्या घरी नेणारी व्यक्ती एकच आहे. यंत्राने मालकाचे नाव बरोबर लिहिले आहे. दुरुस्तीची गरज कमिटीला वाटत नाही."

माशच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते मिरचीवर ढकललं. हात वर झाले, सगळेच. ठराव एकमताने मंजूर.

तंकमणी रिकामे पेले गोळा करत होती. तिने ते ट्रेमध्ये लावले, ट्रे टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

"मालकीण मी असेन," ती म्हणाली, "तर त्या संडासाची किल्ली द्या."



"सत्तावीस वर्षं मी रस्ता ओलांडून वैद्याच्या घरी जातेय. त्यांच्या घरात लग्न असो, मयत असो, मी दारात उभी. हॉलला संडास झाला, त्याला पाच महिने झाले. तपासणी होऊन गेली तरी कुलूप तसंच आहे. कॉम्रेड, तुम्ही जगाला सात दिला. मला कधी काही दिलंत?"

माश खाली बघत होता. वाचायला कोण, लिहायला कोण, आत कोण, बाहेर कोण, हे वीस वर्षं त्याने काळ्या पडद्यावर मांडलं होतं. समोरच्या बाईला पाचशे पावलांवर जावं लागतं हे त्याने रोज पाहिलं होतं आणि त्याला ते एकदाही चूक म्हणून दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "सूचना मांडली आहे. अनुमोदन कोण देतं?"

कॉम्रेड सुगतनने वही मिटली. खिशात हात घातला, पेन आणि चष्मा बाजूला सारून किल्ली काढली आणि ट्रेवर, पेल्यांच्या मध्ये ठेवली.

"ठराव नको," तो म्हणाला.

तंकमणीने किल्ली उचलली आणि ट्रे तिथेच ठेवून ती रस्ता ओलांडून गेली.